टाकीवाल्याची प्रतिक्रिया

ऑफिसात तिला सगळे चाळणीताई म्हणत. तोंडावर नुसतं ताई, माघारी चाळणी. तिला हे ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नसे, कारण कामच तसं होतं. वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर बातमी आली की वाचक तिच्याखाली आपली मतं लिहीत. ती मतं आधी चाळणीताईच्या पडद्यावर येत. तिने हिरवं बटण दाबलं तर जगाला दिसत, लाल दाबलं तर कचऱ्यात जात. दिवसभर बसून बटणं दाबायची, याला काय अक्कल लागते, असं शेजारच्या क्रीडा विभागाला वाटे. क्रीडा विभागाला एकूणच बरंच काही वाटे.

हिरव्या आणि लाल बटणाच्या मध्ये एक बारीकशी पेन्सिलही होती. ती दाबली की प्रतिक्रियेतले शब्द काढता येत. बाकी कोणी असतं तर त्या पेन्सिलीच्या वाटेला गेलं नसतं, कारण लाल दाबणं सोपं. पण चाळणीताई जुन्या जमान्यातली. छापील अंक जोरात चालायचा तेव्हा ती वाचकांची पत्रं बघायची. पत्रातले वावगे शब्द काढायचे, पसारा आवरायचा, आणि माणसाचं म्हणणं तेवढं छापायचं. तेव्हाचे संपादक सांगायचे की पत्र छाटा, पण पत्रलेखकाला छाटू नका. ही सवय तिच्या हाडीमांसी खिळली होती. शिव्या बाजूला केल्या की आत एखादं तरी कामाचं वाक्य सापडतं, असा तिचा अनुभव होता, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा गर्वही होता.

तिला सगळ्यात जास्त छळायची ती उत्सुकता. ही माणसं आहेत तरी कोण? शाळेबद्दलची बातमी आली की हटकून येणारा एक ‘शेवटचा बाक’ होता. ‘आजोबा नंबर एक’ हवामानाच्या अंदाजावर रोज सकाळी खार खाऊन लिहायचे, जणू ऊन त्यांना विचारल्याशिवाय पडलं होतं. कोणाचं घरी भांडण झालंय, कोणाला आज सुट्टी आहे, हे तिला वाक्यावरून कळे. ‘शेवटचा बाक’ मध्यंतरी बरेच दिवस गप्प होता, तर तिचा जीव खालीवर होत होता. मग एके दिवशी तो परीक्षेच्या निकालावर तोंडभर बोलला आणि तिचा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं ती या लोकांच्या मनात डोकावत होती, पण त्यांच्यातल्या एकालाही तिने डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. दुकानात रांगेत उभी राहिली की पुढच्या माणसाचं बोलणं ती कान देऊन ऐके. हाच तर नसेल ना आपला आजोबा नंबर एक?

घरी ती आणि तिची नणंद, दोघीच. नणंदबाई टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या, सध्या इमारतीच्या सोसायटीच्या सेक्रेटरी, आणि आवाज अजून जुन्या ट्रंक कॉलचा. त्या बातमी कधीच वाचत नसत. बातम्या मेल्या सगळीकडे सारख्याच, खरी गंमत खाली असते, असं म्हणून त्या थेट प्रतिक्रियांवर उतरत. म्हणजे वहिनीने दिवसभर जे गाळलं, ते संध्याकाळी नणंद चवीने वाचत असे. दोघींचं छान चाललं होतं.

मग त्या शाळेची बातमी आली.

एका शाळेतली बरीच मुलं एकदम पोटदुखीने आजारी पडली होती. कोणाच्या जिवावर बेतलं नाही, पण आईबाप घाबरले, आणि बातमीखाली प्रतिक्रियांचा नुसता पूर आला. त्यात ‘मी बोलणारच’ नावाच्या एकाने लांबलचक लिहिलं होतं. सुरुवातीला शाळेची पाण्याची टाकी धुणाऱ्या टाकीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार, मधे मुख्याध्यापिकेचा, आणि शेवटी टाकीवाल्याला त्याच्याच टाकीत बुडवायची धमकी. या सगळ्या घाणीत एक मजकूर होता. चाळणीताईने बाह्या सरसावल्या, पेन्सिल घेतली, शिव्या काढल्या, धमकी काढली. उरलं ते असं: “या शाळेची पाण्याची टाकी कित्येक महिने धुतलेली नाही. टाकी साफ करणारा वरून पाणी मारतो, झाकणाचा फोटो काढतो आणि सही घेऊन जातो. सगळ्यांना माहीत आहे.”

आता हे वाचायला कसं सुटसुटीत झालं, असं तिला वाटलं. तिने हिरवं दाबलं आणि चहा प्यायला गेली.

त्या प्रतिक्रियेला पसंतीचे अंगठे मिळाले, ती इकडून तिकडे फिरली. टाकीवाल्याचं नाव त्यात नव्हतं, पण त्या भागात टाक्या धुणारा माणूस एकच. प्रतिक्रिया बिनचूक त्याच्याच दारावर जाऊन पोचली. नणंदेने एका संध्याकाळी पाय पसरता पसरता सांगितलं की सोसायटीच्या टाकीचं काम त्याच्याकडून काढून घेतलं.

“का हो वन्सं? इतकी वर्षं तोच येतोय ना?” चाळणीताईने विचारलं.

“वाचलं नाहीस का तू? तूच तर वाचतेस सगळं. किती शांतपणे लिहिलंय बघ त्या माणसाने. एक वावगा शब्द नाही. शिकलासवरलेला दिसतोय. असा माणूस उगाच कोणाबद्दल लिहील का?”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या चाळणीताईने मूळ प्रतिक्रिया पुन्हा उघडली आणि नणंदेच्या डोळ्यांनी वाचून पाहिली. ही अशीच्या अशी समोर आली असती तर वन्सं हसल्या असत्या. कोणीतरी माथेफिरू दिसतोय म्हणून पुढे गेल्या असत्या. तिने त्या माथेफिरूचं तोंड धुतलं होतं, भांग पाडून दिला होता, इस्त्रीचा शर्ट घालून त्याला लोकांच्या दारी पाठवलं होतं. लोकांनी विश्वास ठेवला तो त्या शर्टावर. तिला मनापासून वाईट वाटलं, आणि त्याच्या जोडीला तो जुना प्रश्नही डोकं खाऊ लागला: या ‘मी बोलणारच’ला हे कळलं कुठून?

काही दिवसांनी शाळेच्या पाण्याचा अहवाल आला. पाणी स्वच्छ होतं. मुलांना बाधलं ते सहलीत खाल्लेलं काहीतरी होतं. ही बातमी वेबसाइटवर खाली कुठेतरी कोपऱ्यात आली. चाळणीताई त्या बातमीखाली दिवसभर ताटकळत बसली. एकही प्रतिक्रिया आली नाही. नेहमी तुटून पडणारा ‘शेवटचा बाक’सुद्धा आला नाही.

नोटीस आली ती त्यानंतर. टाकीवाल्याची कामं सुटली होती, त्याने वकील गाठला होता आणि वर्तमानपत्राकडे जाब मागितला होता. प्रतिक्रिया लगेच काढून टाकण्यात आली. संपादकांच्या खोलीत ऑफिसच्या वकिलांनी चाळणीताईला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. मोठा धीराचा माणूस, अजिबात आवाज चढवला नाही. म्हणाले, आपण म्हणजे रस्त्यावरची भिंत. भिंतीवर कोणी काही लिहून गेलं तर भिंतीच्या मालकाला लगेच कोणी धरत नाही. कोणी येऊन सांगितलं की पुसायचं, एवढीच त्याची जबाबदारी. पण मालकाने स्वतः ते वाचलं, रंगाचा डबा घेऊन त्यातले चार शब्द पुसले आणि चार ठेवले, तर ठेवलेले चार शब्द त्याचे होतात. आणि त्या प्रतिक्रियेखाली, पेन्सिल वापरली की येते ती, एक बारीक राखाडी ओळ होती: ‘संपादित’.

“म्हणजे मी काम नीट केलं हा गुन्हा झाला?” तिने विचारलं. भांडायला नव्हे, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“नीट नाही, अर्धं केलंत,” वकील म्हणाले. “शिव्या खऱ्या की खोट्या हे बघावं लागत नाही. आरोप खरा की खोटा हे बघावं लागतं. ते तुम्ही बघितलं नाहीत.”

माणूस बरोबर बोलत होता.

मग त्यांनी तोड काढली. वेबसाइटवर ठरावीक शिव्या आपोआप गाळणारी एक जुजबी यंत्रणाही होती, आणि ‘संपादित’ ही ओळ तिच्याही कामानंतर उमटे. तेव्हा प्रतिक्रिया विभागाची प्रमुख म्हणून चाळणीताईने एका निवेदनावर सही करायची होती. विभागात दुसरं कोणी नव्हतंच, त्यामुळे प्रमुखही तीच आणि शिपाईही तीच. निवेदन छोटं होतं: प्रतिक्रिया यंत्रणेद्वारे गाळल्या जातात, प्रसिद्ध होण्यापूर्वी कोणीही व्यक्ती त्या वाचत नाही. सही केली तर नोटिशीतली हवा निघून जाणार होती. नाही केली तर भरपाई, बदनामी, विभाग बंद आणि ताई घरी. संपादक तसे भले गृहस्थ होते. त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं की हे आम्ही तुमच्यासाठीच करतोय. विचार करायला शुक्रवारपर्यंत वेळ होता, आणि तोपर्यंत त्या टाकीवाल्याशी कोणी एक अक्षर बोलायचं नव्हतं.

उठता उठता तिने विचारलं की त्या ‘मी बोलणारच’चं काय झालं. त्याचा पत्ता लागला होता. तो भलत्याच गावी राहत होता, ती शाळा त्याने कधी बघितलेली नव्हती, टाकी तर दूरच. ऑफिसने त्याला त्या प्रतिक्रियेबद्दल लिहून विचारलं, तर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं होतं: “कोणती? मी बऱ्याच लिहितो.”

चाळणीताई जागेवर येऊन बसली. पडद्यावर नव्या प्रतिक्रिया येत होत्या. कोणीही व्यक्ती त्या वाचत नाही. हे वाक्य तिच्या मनातून हलेना. मग आपण इतकी वर्षं इथे बसून काय करत होतो? नोकरी जाईल याची भीती होतीच, ती नव्हती असं कोण म्हणेल. पण आपण या खुर्चीत कधी नव्हतोच, असं आपल्याच हाताने लिहून द्यायचं, हे तिला फार लागलं.

गुरुवारी दुपारी डोकं दुखतंय असं सांगून ती बाहेर पडली. डोकं काही दुखत नव्हतं. नोटिशीवरच्या पत्त्यावर टाकीवाल्याची बायको भेटली. तिने सांगितलं की एका बेकरीत टाकीचं काम आहे तिकडे गेलेत. बेकरीवाला बातम्याच वाचत नाही, म्हणून तेवढं एक टिकलंय.

बेकरीच्या गच्चीवर ऊन होतं आणि माणूस दिसत नव्हता. टाकीच्या तोंडातून एक शिडी बाहेर आली होती आणि आतून ब्रश घासल्याचा आवाज येत होता. चाळणीताई वाकून बघायला गेली. आत एक किडकिडा माणूस गुडघ्यांवर बसून कोपरा घासत होता, कपाळाला दिवा बांधलेला. कोण आहे म्हणून त्याने विचारलं, तर ती आपण कोण हे सांगायच्या आधीच म्हणून गेली की वरून खाली का घासता. खोड जात नाही ती अशी. त्याला नवल वाटलं असावं. वरचा मळ खाली उतरतो, म्हणून तळ शेवटी, त्याने आतूनच सांगितलं. शेवटचं पाणी नळाने निघत नाही, ते फडक्याने टिपायचं. तिने वाकून वाकून सगळं बघितलं. त्याने तळ कोरडा केला, दिवा फिरवून कोपरे बघितले, आणि शिडीने वर आला. मग तिने सांगितलं की मी त्या वेबसाइटच्या ऑफिसातून आलेय.

त्याने फडकं पिळलं, कठड्यावर वाळत घातलं आणि तो सावलीत बसला. मग म्हणाला की भरपाईचं वकील बघतील, मला एकच गोष्ट विचारायचीय.

“ते छापायच्या आधी कोणी माणसाने वाचलं होतं का? माझी मुलगी म्हणते, मशीन असतं. मशीन असेल तर माझं काही म्हणणं नाही, मशीनला काय कळतंय. पण माणूस असेल तर मला त्याला विचारायचंय, की माझं का नाही आलं?”

“तुमचं?”

“मी पण लिहिलं होतं त्याच्याखाली. मुलीच्या फोनवरून. डोकं फिरलं होतं माझं, तोंड सुटलं. पण शेवटी लिहिलं होतं की ये, झाकण उघडून दाखवतो.”

चाळणीताईच्या पायाखालची गच्ची सरकली. तिला आठवलं. प्रतिक्रिया आली होती ‘फुलपाखरू’ या नावाने, मुलीचं नाव असणार ते, आणि वरपासून खालपर्यंत नुसत्या शिव्या. फुलपाखराची जीभ बघा, असं म्हणून ती खुर्चीत एकटीच हसली होती. लाल बटण दाबलं होतं, आणि घरी जाऊन नणंदेला तो किस्सा रंगवून सांगितला होता. दोघी पोट धरून हसल्या होत्या. शेवटची ओळ तिने वाचली नव्हती असंही नाही. वाचली होती आणि सोडून दिली होती.

भिंत आहोत आम्ही, असं सांगायची संधी होती. मशीनच आहे हो, म्हटलं असतं तर तो माणूस निवांत झाला असता. तिला क्षणभर मोह झाला.

“मी वाचलं,” ती म्हणाली. “त्याचंही आणि तुमचंही. मीच वाचते.”

त्याने तिच्याकडे नीट बघून घेतलं. चष्मा, खांद्यावरची पिशवी, चपला. इतके दिवस ज्याच्याशी मनात भांडत होता तो माणूस असा दिसतो तर, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं.

“त्याच्यात शिव्या नव्हत्या?”

“होत्या. तुमच्यापेक्षा जास्त. मी काढल्या.”

अगदी साध्या आवाजात, शाळेत शंका विचारावी तसं, टाकीवाल्याने विचारलं, “मग माझ्या का नाही काढल्या?”

तिला रडू आलं. त्याने तिला पाण्याची बाटली दिली आणि जिना उतरताना तिसरी पायरी तुटकी आहे एवढं सांगितलं.

शुक्रवारी चाळणीताईने निवेदन सही न करताच संपादकांच्या टेबलावर परत ठेवलं आणि काय घडलं ते सगळं सांगून टाकलं. गच्चीवर गेल्याचंही. वकिलांनी कपाळाला हात लावला. आता तुम्ही आम्हाला पुरतं अडकवलंत, म्हणाले, आणि ते खरंच होतं. संपादकांनी मात्र निवेदनाचा कागद उलटा केला आणि त्या माणसाचं म्हणणं नेमकं काय आहे, असं विचारलं. तिने सांगितलं. मग खोलीत बरीच बोलाबोली झाली. ठरलं ते असं: ऑफिसने चूक कबूल करायची, माफी ठळकपणे छापायची, बुडालेल्या कामांचं काय ते टाकीवाल्याच्या वकिलाशी बसून मिटवायचं. आणि प्रतिक्रियांचा विभाग महिनाअखेर बंद करायचा. वाचायचं तर आरोप तपासायला माणसं हवीत, ती परवडत नाहीत. न वाचता चालवायचं तर संपादकांचं मन घेत नाही. ताईंना जुन्या अंकांच्या खोलीत बसवायचं ठरलं. तिथे माणसं येत नाहीत, धूळ येते.

एवढं होऊन ती जागेवर परतली. अजून खुर्ची तिची होती. कचऱ्याचा डबा उघडून तिने ‘फुलपाखरू’ शोधलं, टाकीवाल्याला फोन केला आणि पेन्सिल घेतली. या वेळी एकेक शब्द त्याला विचारून काढला. काही शिव्यांवर तो अडून बसला, मग राहू दे म्हणाला. नाव बदलून त्याचं स्वतःचं घातलं. शाळेचा पाण्याचा अहवाल तिने स्वतः पुन्हा वाचला, शाळेत फोन करून टाकी धुतल्याची तारीख विचारून घेतली, आणि मगच हिरव्या बटणावर बोट ठेवलं. उरलं होतं ते एवढंच: “टाकी मीच धुतो. आत उतरून धुतो. ज्याला शंका असेल त्याने यावं, झाकण उघडून दाखवतो.” खाली राखाडी ओळ उमटली: ‘संपादित’.

संध्याकाळी नणंद फोन नाकाला लावून वाचत होती. चष्मा वर करून म्हणाली की अगं, त्या टाकीवाल्याचं आलंय, सोमवारी त्यालाच बोलावते, आपलं चुकलंच जरा.

“किती शांतपणे लिहिलंय बघ. एक वावगा शब्द नाही.”

“शांत कुठला, वन्सं,” चाळणीताई म्हणाली. “भयंकर चिडला होता तो. मी वाचलंय.”